व्हर्च्युअल मशीनला खरे कार्ड देताना : होस्टचे आयओएमएमयू आणि गेस्टमधले आभासी आयओएमएमयू

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरील लहान महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत प्रत्येक कामासाठी वेगळा संगणक घेण्याइतका पैसा सहसा नसतो, आणि पावसाळ्यात तेवढे संगणक चालते ठेवण्याइतका विजेचा भरवसाही नसतो. त्यामुळे एकच बऱ्यापैकी सर्व्हर घेऊन त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवणे सर्वांनाच सोयीचे पडते. या लेखात असाच एक सर्व्हर गृहीत धरला आहे : इंटेल प्रोसेसर, 64 जीबी मेमरी, बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टखेरीज दोन पोर्टांचे एक जादा नेटवर्क कार्ड, एक यूएसबी कार्ड, आणि वर लिनक्स, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) व क्यूएमू (व्हर्च्युअल मशीनची उपकरणे उभी करणारा प्रोग्रॅम). या सर्व्हरला होस्ट आणि त्यावरच्या व्हर्च्युअल मशीनला गेस्ट म्हणतात. एका मशीनमध्ये राउटर चालतो. दुसऱ्या मशीनमध्ये 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झवर येणारे जहाजांचे एआयएस (स्वतःची ओळख व ठिकाण कळवणारे) संदेश पकडणारा यूएसबी रिसीव्हर आहे. उरलेली मशीन विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि त्यांत विद्यार्थ्यांनी स्वतः पासथ्रू (उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देणे) करून पाहावा अशी अपेक्षा आहे. आज्ञा आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात.

पहिल्या दोन कामांना होस्टचे, म्हणजे प्रत्यक्ष हार्डवेअरमधले आयओएमएमयू (उपकरणांच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारा भाग; खुलासा पुढे आहे) पुरते. आभासी आयओएमएमयू लागते ते फक्त तिसऱ्या कामाला. या दोहोंची गल्लत झाली की एकतर नको तिथे आभासी आयओएमएमयू लावून राउटरचा वेग घालवला जातो, नाहीतर हवे तिथे ते नसल्यामुळे विद्यार्थी ‘आयओएमएमयू_ग्रुप्स’ या रिकाम्या डिरेक्टरीकडे बघत बसतो.

नेटवर्क कार्ड, यूएसबी कंट्रोलर अशी उपकरणे डीएमए करतात, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचतात आणि लिहितात. गेस्टमधला ड्रायव्हर कार्डाला जो पत्ता देतो तो गेस्टच्या दृष्टीने खरा असतो, पण होस्टच्या मेमरीत त्या पत्त्यावर भलतेच काही असते. कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये बसून हा पत्ता बदलून देणारे आणि परवानगी नसलेला पत्ता अडवणारे हार्डवेअर म्हणजे आयओएमएमयू. इंटेलकडे त्याला व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय आणि आर्मकडे एसएमएमयू म्हणतात. लिनक्समध्ये या सोयीवर उभी असलेली व्हीएफआयओ ही चौकट 2012 साली कर्नल 3.6 मध्ये आली आणि आजही उपकरण गेस्टकडे सोपवण्याचा राजमार्ग तीच आहे. आभासी आयओएमएमयू हे मात्र क्यूएमूने गेस्टला दाखवलेले सोंग असते. गेस्टच्या कर्नलला वाटते की आपल्या बोर्डावर व्हीटी-डी आहे. तो त्याच्या तक्त्यांत नोंदी करतो आणि क्यूएमू त्या नोंदी वाचून होस्टच्या खऱ्या आयओएमएमयूमध्ये तशाच नोंदी करून घेतो.

होस्टची तयारी

फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचे व्हर्च्युअलायझेशन आणि व्हीटी-डी हे दोन वेगळे पर्याय असतात आणि दोन्ही चालू असावे लागतात. पहिला चालू असला की व्हर्च्युअल मशीन सुरू होतात, म्हणून दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही. त्यानंतर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) कर्नल ओळीत ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’ आणि ‘आयओएमएमयू=पीटी’ हे दोन पर्याय घालावेत. एएमडीच्या यंत्रात, फर्मवेअरमध्ये आयओएमएमयू चालू असेल तर, पहिल्या पर्यायाची गरज पडत नाही. ‘पीटी’मुळे होस्ट स्वतः वापरत असलेल्या उपकरणांना पत्तेबदलाचा भार सोसावा लागत नाही, गेस्टकडे दिलेल्या उपकरणांचे संरक्षण त्याने कमी होत नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कर्नलच्या संदेशांत इंटेलसाठी ‘डीएमएआर’ आणि एएमडीसाठी ‘एएमडी-व्हीआय’ या नावाच्या ओळी दिसल्या पाहिजेत. त्यातच इंटरप्ट रीमॅपिंग (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेल्या हाकाही तपासून पुढे पाठवणे) चालू झाल्याची ओळ आहे का, तेही पाहावे. ती नसताना ‘अलाउ_अनसेफ_इंटरप्ट्स’ या पर्यायाने काम पुढे ढकलता येते खरे, पण त्या पर्यायाच्या नावातच सगळे आले. गेस्टकडचे उपकरण होस्टला हवा तो इंटरप्ट पाठवू शकते, आणि जिथे विद्यार्थ्यांच्या हाती गेस्टचा रूट (सर्वाधिकार) आहे तिथे ही वाट मुळीच धरू नये.

आता ‘सिस’ फाइल-व्यवस्थेत ‘कर्नल’खालची ‘आयओएमएमयू_ग्रुप्स’ ही डिरेक्टरी उघडावी. प्रत्येक क्रमांकाखाली त्या गटातली उपकरणे दिसतात. गट हा सोपवण्याचा सर्वांत लहान एकक आहे : ज्या उपकरणांमधला आपापसातला व्यवहार आयओएमएमयूपर्यंत पोहोचण्याआधीच होऊ शकतो, त्यांना कर्नल एकत्र बांधतो. दाभोळहून धोपाव्याला निघालेल्या फेरीबोटीतून एकच गाडी खाडीच्या मध्यावर उतरवता येत नाही, तसेच गटातले एकच उपकरण गेस्टला देऊन बाकीची होस्टने वापरत राहणे जमत नाही. गटातल्या पीसीआय ब्रिजला यातून सूट असते. त्याला व्हीएफआयओकडे नेण्याची गरज नाही आणि नेऊही नये.

यूएसबी कार्ड साटा (डिस्कच्या) कंट्रोलरच्या गटात अडकलेले दिसले, तर पहिला उपाय म्हणजे कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावणे. प्रोसेसरला थेट जोडलेले स्लॉट आणि चिपसेटमधून जाणारे स्लॉट यांचे गट वेगवेगळे पडतात, आणि बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. बोर्डाच्या पुस्तिकेत कोणता स्लॉट कुठे जोडला आहे याची आकृती असते. कार्ड विकत घेण्याआधी ती पाहिलेली बरी. दुसरा उपाय म्हणून एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच सुचवला जातो. हा पॅच मूळ कर्नलमध्ये घेतलेला नाही. तो हार्डवेअरमध्ये काहीच बदलत नाही. उपकरणे एकमेकांपासून वेगळी आहेत असे कर्नलला नुसते सांगतो. घरच्या यंत्रावर ज्याने त्याने ठरवावे. अनेकांच्या वापराच्या सर्व्हरवर माझे मत त्याच्या विरुद्ध आहे.

कार्ड व्हीएफआयओकडे देणे

‘एलएसपीसीआय’ला ‘एनएन’ आणि ‘के’ हे पर्याय दिले की प्रत्येक उपकरणाचा पत्ता, निर्माता व मॉडेल यांचे क्रमांक आणि सध्याचा ड्रायव्हर दिसतो. राउटरसाठीच्या कार्डाचे क्रमांक ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ मॉड्यूलच्या ‘आयडीज’ पर्यायात लिहून ते मॉड्यूल इनिशियल रॅमडिस्कमध्ये घातले, की होस्टचा नेटवर्क ड्रायव्हर कार्ड ताब्यात घेण्याआधीच व्हीएफआयओ ते धरतो. एकाच मॉडेलची दोन कार्डे असून एकच द्यायचे असेल, तर क्रमांकावरून ती ओळखता येत नाहीत. तेव्हा उपकरणाच्या पत्त्याखालच्या ‘ड्रायव्हर_ओव्हरराइड’ या फाइलमध्ये ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ असे लिहावे. यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर बऱ्याच वितरणांत कर्नलमध्येच बांधलेला असल्यामुळे तिथेही, कंट्रोलर आधी त्या ड्रायव्हरपासून सोडवून, हीच युक्ती करावी लागते. किंवा लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनचा कारभार पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या उपकरणाच्या नोंदीत ‘मॅनेज्ड’ला ‘येस’ दिले, तर सोडवणे आणि पुन्हा जोडणे ते स्वतः करते. बोर्डावरचे एक नेटवर्क पोर्ट आणि कळफलक ज्यावर आहे तो यूएसबी कंट्रोलर होस्टकडेच ठेवावा. सर्व्हर कुडाळला आणि आपण सावंतवाडीला असताना ही गोष्ट विशेष आठवते.

रिसीव्हरसाठी एकटे यूएसबी उपकरण न देता पूर्ण कंट्रोलर देण्यामागे कारण आहे. अशा रिसीव्हरमधून नमुन्यांचा प्रवाह अखंड येत असतो, आणि मध्ये क्यूएमूचा नकली कंट्रोलर असला की होस्टवर भार वाढताच नमुने गळू लागतात. एआयएसचा एक संदेश क्षणाच्या अंशात येऊन जातो, आणि गळलेला परत मिळत नाही.

मेमरीबाबत एक नियम कायम ध्यानात ठेवावा. उपकरण कोणत्या क्षणी कुठे लिहील हे आधी कळत नाही आणि नेहमीची कार्डे पान जागेवर नसल्यास थांबून राहू शकत नाहीत, म्हणून पासथ्रू असलेल्या गेस्टची सगळी मेमरी सुरू होतानाच होस्टमध्ये खिळवली जाते. ती स्वॅपमध्ये जात नाही, बलून ड्रायव्हरने (गेस्ट चालू असताना त्याची मेमरी परत घेणाऱ्या सोयीने) कमी करता येत नाही. 64 जीबीच्या सर्व्हरवर 16 जीबीचे गेस्ट दिले की तेवढे गेलेच असे समजून उरलेल्याचा हिशेब मांडावा. शक्य असल्यास ही मेमरी 2 एमबी किंवा 1 जीबीच्या मोठ्या पानांत ठेवावी. 16 जीबीसाठी 4 केबीची पाने 41,94,304 होतात, 2 एमबीची 8,192 आणि 1 जीबीची अवघी 16. पत्ते बदलण्याचे काम त्या मानाने हलके होते.

राउटर आणि रिसीव्हर यांची मांडणी इथे पूर्ण होते. त्यांच्या गेस्टना आभासी आयओएमएमयू देऊ नये.

आभासी आयओएमएमयू कधी आणि कसे

ते लागण्याचे प्रसंग मोजके आहेत. गेस्टच्या आत आणखी एक गेस्ट चालवून त्याला उपकरण द्यायचे असेल. गेस्टमध्ये डीपीडीकेसारखा यूझर-स्पेसमधून कार्ड हाताळणारा प्रोग्रॅम व्हीएफआयओच्या संरक्षणासह चालवायचा असेल. गेस्टच्या कर्नलला आपल्याच एखाद्या बेभरवशाच्या ड्रायव्हरपासून वाचवायचे असेल. किंवा गेस्टला 255 पेक्षा जास्त प्रोसेसर द्यायचे असतील, ज्यासाठी इंटरप्ट रीमॅपिंग लागते. कोकणातल्या सर्व्हरला शेवटचा प्रसंग येण्याची चिन्हे नाहीत. आपल्या प्रयोगशाळेला पहिला पुरेसा आहे.

क्यूएमूने गेस्टला दाखवायच्या बोर्डाचा, म्हणजे मशीनचा प्रकार क्यू35 असावा. क्यूएमूच्या आज्ञेत मशीनच्या पर्यायांत ‘कर्नल-इर्कचिप=स्प्लिट’ लिहावे आणि उपकरण म्हणून ‘इंटेल-आयओएमएमयू’ घालून त्याला ‘इंटरिमॅप=ऑन’ व ‘कॅशिंग-मोड=ऑन’ हे गुणधर्म द्यावेत. हे उपकरण आज्ञेत सर्व ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ नोंदींच्या आधी यायला हवे. लिबव्हर्ट वापरल्यास क्रमाची काळजी ते घेते. आपण ‘आयओएमएमयू’ घटकात मॉडेल ‘इंटेल’, ड्रायव्हरमध्ये हेच दोन गुणधर्म आणि ‘फीचर्स’मध्ये आयओ-एपिकचा ड्रायव्हर ‘क्यूएमू’ एवढे लिहायचे. प्रोसेसर ‘होस्ट-पासथ्रू’ ठेवावा. इंटेलवर आतल्या गेस्टसाठी लागणारे नेस्टिंग कर्नल 4.20 पासून आपोआप चालू असते.

कॅशिंग मोडवर थोडे थांबायला हवे, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते. खऱ्या व्हीटी-डीमध्ये कर्नलने तक्त्यात नवी नोंद केली की हार्डवेअर ती गरजेच्या वेळी स्वतः वाचते. कर्नलने ओरडून सांगावे लागते ते जुनी नोंद काढल्यावर. क्यूएमूला मात्र नव्या नोंदीची खबर लागण्याचा दुसरा मार्गच नाही. कॅशिंग मोड चालू असताना आभासी आयओएमएमयू गेस्टला असे भासवते की ‘नोंद नाही’ हेसुद्धा आपण लक्षात ठेवतो, आणि म्हणून नवी नोंद केल्यावरही जुने लक्षात ठेवलेले पुसण्याची सूचना गेस्टला द्यावी लागते. ती सूचना क्यूएमूने पकडली की खऱ्या आयओएमएमयूत नोंद होते. मोड बंद ठेवला तर नोंद होस्टपर्यंत पोहोचत नाही, कार्ड डीएमए करायला जाते आणि होस्टच्या संदेशांत डीएमएआरचे फॉल्ट दिसू लागतात. म्हणूनच पासथ्रूचे उपकरण असताना क्यूएमू या गुणधर्माचा आग्रह धरते.

याची किंमत वेगात मोजावी लागते. प्रत्येक सूचनेगणिक गेस्टमधून बाहेर यावे लागते, क्यूएमूने तक्ता चाळायचा, व्हीएफआयओला सांगायचे आणि परतायचे. एरवी लिनक्स पुसण्याची कामे साठवून एकदम करतो. पण कॅशिंग मोड दिसताच व्हर्च्युअलायझेशनमुळे ही साठवण बंद केल्याची ओळ गेस्टच्या संदेशांत उमटते. नेटवर्क कार्ड प्रत्येक पाकिटासाठी नोंद करते आणि काढते, तेव्हा पाकिटागणिक हा हेलपाटा पडतो. उपाय असा की गेस्टच्या कर्नल ओळीतही ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’सोबत ‘आयओएमएमयू=पीटी’ लिहावे. मग गेस्टचा कर्नल स्वतः वापरतो त्या उपकरणांसाठी सगळी मेमरी एकदाच नोंदवली जाते, आणि गेस्टमध्ये व्हीएफआयओकडे दिलेल्या उपकरणांनाच काटेकोर पत्तेबदल लागतो. आतल्या गेस्टची मेमरी एकदाच खिळत असल्यामुळे तिथे नोंदींची ये-जा कमीच असते. हे जोडकाम सोडून आभासी आयओएमएमयू चालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कोणते उपकरण कोणत्या अवस्थेत आहे, हे गेस्टमधल्या गटाच्या क्रमांकाखालच्या ‘टाइप’ फाइलमध्ये दिसते : ‘आयडेंटिटी’ असेल तर सरळ, ‘डीएमए’ असेल तर पत्तेबदलासह.

व्हीएफआयओमध्ये एका कंटेनरमागे (पत्त्यांची एकच दुनिया वापरणाऱ्या गटांच्या संचामागे) नोंदींची मर्यादा 65,535 आहे. 4 केबीच्या नोंदी पडत गेल्या तर साधारण 256 एमबीतच ती संपते, आणि मग गेस्ट चालू असताना मध्येच नोंद नाकारली जाते. मर्यादा ‘डीएमए_एंट्री_लिमिट’ने वाढवता येते, पण आतल्या गेस्टलाही मोठी पाने देणे हा त्यापेक्षा चांगला इलाज आहे.

खिळलेल्या मेमरीच्या मर्यादेचाही असाच एक पेच आहे. आभासी आयओएमएमयू नसताना गेस्टच्या सगळ्या उपकरणांना पत्त्यांची एकच दुनिया असते. ते आले की प्रत्येक उपकरणाची दुनिया वेगळी होते, कंटेनर वेगळे होतात, आणि 16 जीबीच्या गेस्टला दोन कार्डे दिली तर हिशेबात 32 जीबी खिळल्याचे धरले जाते. प्रत्यक्षात पाने तीच असतात. जास्तीची मेमरी खर्च होत नाही. पण मर्यादा 16 जीबीच्या जरा वर ठेवलेली असेल तर दुसरे कार्ड मेमरी अपुरी असल्याचे सांगून अडते आणि 64 पैकी निम्मी मेमरी मोकळी दिसत असताना माणूस चक्रावतो. मर्यादा उपकरणांच्या संख्येने गुणून ठेवावी. कर्नल 6.2 पासून आलेल्या आयओएमएमयूएफडी या नव्या चौकटीत हा हिशेब सुधारला आहे.

गेस्टमध्ये प्रत्येक कार्ड आपापल्या पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्टच्या मागे लावावे. जुन्या पद्धतीच्या पीसीआय ब्रिजमागे दोन कार्डे ठेवली तर आभासी आयओएमएमयूला ती एकच दिसतात, एकाच गटात पडतात आणि विद्यार्थ्याला त्यातले एक वेगळे काढता येत नाही. डेस्कटॉप वर्गातल्या अनेक इंटेल प्रोसेसरांत खऱ्या आयओएमएमयूची पत्त्याची रुंदी 39 बिट, म्हणजे 512 जीबीपर्यंतच असते. आभासीची 48 बिट ठेवली तर गेस्ट त्याच्या पलीकडचा पत्ता मागतो आणि नोंद अवैध म्हणून परत येते. ‘एडब्ल्यू-बिट्स’ 39 केले की हा प्रश्न मिटतो. शिवाय व्हर्टिओची (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली आभासी) उपकरणे आपण होऊन आयओएमएमयूला वळसा घालतात; त्यांनाही त्याच्या धाकात आणायचे असल्यास ‘आयओएमएमयू_प्लॅटफॉर्म=ऑन’ द्यावे लागते. पाठाचा भाग नसेल तर देऊ नये, डिस्क विनाकारण मंदावते.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत उपयोगी सोय वेगळीच आहे : सरावासाठी खरे कार्ड लागतच नाही. गेस्टला क्यूएमूचे नकली ‘ई1000ई’ कार्ड आभासी आयओएमएमयूमागे लावून द्यावे. गेस्टमध्ये ते आपल्या गटात दिसते, व्हीएफआयओकडे बांधता येते, आतल्या गेस्टला देता येते. होस्टवर त्या कार्डापुरती मेमरी खिळवायला नको, मर्यादांचा जाच नको, आणि एकाच सर्व्हरवर साऱ्या तुकडीचा सराव होतो. वेग अर्थातच यथातथा, पण शिकायला तेवढा पुरतो. ‘कॅशिंग-मोड’ची सक्तीही इथे नाही, कारण होस्टवर व्हीएफआयओच नाही.

चालू झाल्यानंतर

आमच्या बाजूच्या दोन कटकटी कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाहीत. खाऱ्या, दमट हवेत कार्डाच्या सोनेरी दातांवर मळकट थर धरतो. कार्ड दिसते, गेस्टही सुरू होते, पण वेग पडतो. होस्टवर ‘एलएसपीसीआय’चा सविस्तर तपशील काढून लिंकची क्षमता आणि लिंकची सद्यस्थिती या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. चार पदरांचे कार्ड एका पदरावर चाललेले दिसले, किंवा कर्नलच्या संदेशांत एईआरच्या (पीसीआय एक्स्प्रेसच्या चूक-नोंदणीच्या) दुरुस्त झालेल्या चुका रांगेने येत असल्या, तर व्हीएफआयओचे पर्याय चाळत बसू नये. यंत्र बंद करून कार्ड काढावे, दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, कोरडे होऊ द्यावेत आणि कार्ड घट्ट बसवावे.

दुसरी कटकट विजेची. बोर्डावरचा छोटा सेल संपलेला असेल आणि वीज बराच वेळ गेली, तर फर्मवेअरची सेटिंग मूळपदावर जातात आणि व्हीटी-डी बंद होते. होस्ट नीट सुरू होतो, साधी मशीनही होतात, फक्त पासथ्रूची अडतात. म्हणून मशीन आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत आधी ‘आयओएमएमयू_ग्रुप्स’ रिकामी नाही ना, एवढी तपासणी घालावी आणि रिकामी असल्यास संदेश जावा. याच तपासणीत कार्डाचा पीसीआय पत्ता पूर्वीचाच आहे का, हेही पाहावे. एखादे कार्ड काढले किंवा नवे घातले की पुढचे बस क्रमांक सरकतात, आणि राउटरच्या नोंदीतला जुना पत्ता साटा कंट्रोलरचा झालेला असू शकतो.

यूपीएसने बॅटरी संपत आल्याची सूचना दिली की पासथ्रूची मशीन आधी बंद करावीत. त्यांना चालू स्थितीत डिस्कवर जतन करून ठेवता येत नाही, कारण कार्डाच्या पोटातली अवस्था क्यूएमूला वाचता येत नाही. काही मोजक्या उपकरणांचे ड्रायव्हर ती सोय देतात, आपल्या दोन्ही कार्डांकडून ती अपेक्षा धरू नये. बंद करून पुन्हा सुरू केलेल्या गेस्टमध्ये कार्ड मुके झाले, तर ते एफएलआर, म्हणजे फंक्शन-पातळीवरचा रीसेट जाणते का, हे त्याच सविस्तर तपशिलात उपकरणाच्या क्षमतांमध्ये पाहावे. तिथे उणे चिन्ह असेल तर होस्टच पूर्ण बंद करून पुन्हा चालू करण्याची वेळ येऊ शकते. नवे कार्ड घेताना किमतीइतकेच या चिन्हाकडेही लक्ष द्यावे.